गावातल्या वयस्कर मंडळींसाठी गाणं: एक मोठा कार्यक्रम की दर महिन्याची छोटी बैठक?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांचं गाव देवगड तालुक्यात, नोकरीनिमित्त राहणं ठाण्यात, आई गावाला एकटी. वाडीत सत्तरीच्या पुढची तीसेक माणसं आहेत, त्यांतली पाच-सहा अंथरुणाला खिळलेली. मुंबईकर मंडळाने चाळीस हजार रुपये जमवलेत. मे महिन्यात सगळे चाकरमानी गावी असताना देवळासमोर वयस्करांसाठी जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा ठेवायचा विचार चालला आहे. कलाकार कोण बोलवावेत आणि गाणी कोणती घ्यावीत, असं विचारलं आहे.

मी पेटी वाजवतो. कुडाळ, मालवण, देवगड या पट्ट्यात भजनाच्या साथीला माझी बरीच वर्षं गेली. आता एका तबलजीला सोबत घेऊन वयस्कर माणसांच्या घरी आणि जवळच्या एका वृद्धाश्रमात नियमित वाजवायला जातो. त्या अनुभवावरून लिहितो.

तुमचा हेतू फार चांगला आहे आणि पैसे जमवूनच विचारताय, म्हणजे मंडळाने मनावर घेतलं आहे हे दिसतंच. पण तुमचा खरा प्रश्न कलाकारांचा नाही. तीस माणसांतली किती जणं त्या रात्री देवळापर्यंत पोचतील, पोचलेल्यांतल्या किती जणांना शब्द कळतील, आणि ऑर्केस्ट्राचा टेम्पो निघून गेल्यावर जूनपासून पुढे त्यांच्या वाट्याला काय येईल, हा तो प्रश्न आहे. मे महिन्यात गाव भरलेलं असतं. मुलं, नातवंडं घरात असतात, आंबे-फणस असतात, पूजा-लग्नं असतात. आईंना त्या दिवसांत गाण्याची उणीव नसते. उणीव सुरू होते ती शाळा उघडल्यावर घरं बंद होतात तेव्हा.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो: ऑर्केस्ट्रा रद्द करा आणि त्याच पैशांत वर्षभर दर महिन्याला एक छोटी बैठक लावा. दोन कलाकार, एक पेटी, एक तबला, तासाभराचं गाणं. बैठक संपली की त्याच कलाकारांनी अंथरुणावरच्या दोन माणसांच्या घरी पंधरा-वीस मिनिटं जाऊन यायचं. चाळीस हजारांचे बारा भाग केले तर महिन्याला तीन हजार तीनशेच्या आसपास येतात. दोन स्थानिक कलाकारांचं मानधन, रिक्षाचं भाडं आणि चहा एवढं आमच्याकडे त्यात बसतं. तुमच्या भागातला दर वेगळा असेल तर दीड महिन्यातून एकदा करा. पण कलाकारांचं मानधन कापू नका. शाल-श्रीफळावर माणूस पहिल्यांदा आनंदाने येतो, तिसऱ्या वेळी त्याला बोलवायचा आपल्यालाच संकोच वाटतो आणि तिथेच उपक्रम थांबतो.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आहेत, त्या आधीच मान्य करतो. तुमची वाडी सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर सपाटीला असेल तर माणसं जमणं सोपं. वाडी उतारावर असेल, घराघरांत पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा असतील, तर गुडघे गेलेल्या माणसाला शेजारचं घरसुद्धा लांब पडतं. तिथे एक मोठी बैठक न करता खालच्या अंगाला एक आणि वरच्या अंगाला एक असं आलटून पालटून करावं लागतं. गावात चांगला भजनी बुवा असेल तर निम्मं काम झालं, नसेल तर शेजारच्या गावातून आणावा लागेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावात राहणारं एक जबाबदार माणूस हवं. ठाण्यातून फोनवर हे चालत नाही. अंगणवाडीच्या ताई, आशाताई, निवृत्त गुरुजी, कुणीही चालेल, पण कोण आजारी आहे, कुणाच्या घरी सुतक आहे, कुणाकडे सध्या बोलणं बंद आहे, हे ज्याला ठाऊक आहे असं माणूस.

महिना कोणता निवडायचा याचा विचार करताना आपल्याकडे एक गोष्ट आपसूक जुळून येते. दशावताराचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि पाऊस लागण्याआधी संपतो. म्हणजे पावसाळ्यात दशावतारातले पेटीवाले, पखवाजवाले, झांजवाले मोकळे असतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत म्हातारी माणसं सगळ्यात जास्त कोंडलेली असतात. पाखाडीवर शेवाळ, ओढ्याला पाणी, दिवसा अख्खं घर लावणीला शेतात, आणि म्हातारा किंवा म्हातारी एकटी पडवीत. लावणी आटोपली की जुलैच्या मध्यापासून श्रावण संपेपर्यंतचा काळ मला या कामासाठी सगळ्यात मोलाचा वाटतो. गणपतीत तुमची गरज नाही, तेव्हा घरोघरी आरत्या आणि भजनं असतात आणि बुवांना जेवायलाही सवड नसते. गणपती उठल्यानंतरचा पंधरवडा मात्र चुकवू नका. दहा-बारा दिवस गजबजलेलं घर एका दिवसात रिकामं होतं, आणि तो रिकामेपणा त्या माणसांना किती लागतो हे मी दर वर्षी पाहतो.

पावसाळ्यात वाद्यांची काळजी घ्यावी लागते. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि सूर उतरतो, त्यामुळे तबलजीला अर्धा तास आधी पोचू द्या आणि बसायला कोरडी, उबदार जागा द्या. वीज जाणारच असं धरून चाला. छोट्या बैठकीला माइक लागलाच तर बॅटरीवर चालणारा लहान स्पीकर पुरतो.

आता जागा. देऊळ मनात येणं स्वाभाविक आहे, पण एक विचारा: बौद्धवाडीतले आजोबा तिथे किती मोकळेपणाने येऊन बसतील? मोहल्ल्यातल्या नानी येतील का? गाव आपलं म्हणायचं आणि म्हातारपणी गाणं मात्र निवडक लोकांना द्यायचं, हे मला पटत नाही. प्राथमिक शाळेचा व्हरांडा किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह घ्या. तिथे उंबरठा कमी असतो आणि बहुधा शौचालयही जवळ असतं. शौचालय ही किरकोळ बाब समजू नका. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणारी पुष्कळ माणसं केवळ त्या भीतीने घराबाहेर पडत नाहीत, आणि हे कारण ती कुणाला सांगतही नाहीत. निरोप देतानाच ‘बाथरूमची सोय अगदी बाजूला आहे’ असं सांगितलं की येणाऱ्यांची संख्या वाढते.

वेळ दुपारी चारची. वामकुक्षी झालेली असते, चहा झालेला असतो, आणि अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचतात. विसराळूपणाचा आजार असलेल्या माणसांची घालमेल तिन्हीसांजेला वाढते, तेव्हा ती आपल्या घरात, आपल्या माणसांत असलेली बरी. तुमचा ऑर्केस्ट्रा रात्री नऊला सुरू झाला असता. ध्वनिक्षेपकाला रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. म्हणजे मंडळी रंगात यायच्या आत आवरायची वेळ, आणि मधुमेहाच्या माणसांचं जेवण उशिरा होणार ते वेगळंच.

बसण्याची मांडणी करताना उन्हाकडे लक्ष द्या. चार वाजता ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं. श्रोत्यांची पाठ पश्चिमेला आणि गाणाऱ्याचं तोंड पश्चिमेला असं बसवलं की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. तो उजेड महत्त्वाचा आहे. ऐकू कमी येणारी माणसं ओठ पाहून निम्मं ऐकतात, त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं. खुर्च्या हात असलेल्याच घ्या, म्हणजे उठताना आधार मिळतो. रांगा करू नका, अर्धगोल करा.

कानांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण वयस्करांसाठीचे निम्मे कार्यक्रम इथेच फसतात. वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते सगळ्या सुरांचं सारखं होत नाही. आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज जातात. क, त, स, श अशा व्यंजनांची ओळख त्याच आवाजांवर असते. म्हणून आजी म्हणतात, ‘गाणं ऐकू येतं पण काय म्हणतात ते समजत नाही.’ आयोजकाला वाटतं आवाज वाढवावा. पण अशा कानांचं दुसरं दुखणं असं की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा केला की एकदम टोचायला लागतो. सोसण्याजोगी मधली जागा अरुंद झालेली असते. मग माणसं कानावर पदर घेतात, अस्वस्थ होतात आणि ‘डोकं दुखतं’ म्हणून निघून जातात.

यावर उपाय म्हणजे वाद्यं कमी करा. पेटी, तबला, आवाज. झांज आमच्या भजनाचा प्राण आहे हे मी जाणतो, पण बंद खोलीत ती अशा कानांना सोसत नाही. ती बाहेरच्या कार्यक्रमाला ठेवा आणि इथे हलक्या हाताने टाळ घ्या. पेटीचा सूर शब्दांवर चढू देऊ नका, मी स्वतः गाण्याच्या ओळीखाली एकच सूर धरून ठेवतो आणि ओळी संपल्यावरच भरतो. लय नेहमीपेक्षा थोडी सावकाश. माइक घेतलात तर स्पीकर श्रोत्यांच्या कानाच्या उंचीवर, कुणाच्याही अगदी जवळ नाही, आणि एको पूर्ण बंद. आमच्याकडच्या साउंडवाल्यांना एको फार आवडतो. पण एको म्हणजे प्रत्येक शब्दावर त्याच शब्दाची सावली, आणि म्हाताऱ्या कानांना ती सोडवता येत नाही. श्रवणयंत्र घातलेल्यांना पहिल्या गाण्यानंतर हळूच विचारा, आवाज फाटतोय का. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी लावलेली असतात, संगीतात काहींना ती त्रास देतात. अशा माणसाला यंत्र काढून गाणाऱ्याच्या अगदी जवळ बसवलं तर कधीकधी जास्त सुख मिळतं.

पंखा आणि टीव्ही बंद करा. इतकी साधी गोष्ट, पण फार फरक पडतो.

गाणी कोणती, हा तुमचा मूळ प्रश्न. माणसाला दहा-बारा वर्षांपासून पंचविशीपर्यंत ऐकलेलं गाणं सगळ्यात घट्ट लक्षात राहतं. आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाचा तो काळ म्हणजे साधारण १९५५ ते १९७०. त्या काळात घरात काय वाजत होतं ते आठवा. पुणे आकाशवाणीवरून १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला प्रसारित झालेलं गीतरामायण, रेडिओ सिलोनवर १९५२पासून सुरू असलेली बिनाका गीतमाला, १९५७ सालापासूनची विविध भारती. पण रेडिओ प्रत्येक घरात नव्हता, कोकणात तर नव्हताच. म्हणून सालाचा हिशोब हा फक्त अंदाज, खरी यादी माणसाला विचारूनच मिळते.

आणि विचारताना वयस्कर म्हणजे भक्तिगीत असं गृहीत धरू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या वाडीतल्या पुरुषांतले किती तरी जण गिरणगावात आयुष्य काढून, १९८२च्या गिरणी संपानंतर किंवा निवृत्तीनंतर गावी परतलेले असतील. त्यांनी लालबाग-परळच्या चाळीत भजनं केली तशीच शाहिरी ऐकली, लावणी ऐकली, थिएटरात जाऊन हिंदी सिनेमे पाहिले. त्यांना वाडीतल्या लोकांसमोर लावणी मागायचा संकोच वाटतो. आपण स्वतःहून एक वाजवली की चेहरे उजळतात. मोहल्ल्यातल्या बायकांची लग्नातली गाणी, बौद्धवाडीतली भीमगीतं, हे सगळं त्याच बैठकीत यायला हवं, आणि बुवांना येत नसेल तर ज्यांना येतं त्यांच्याकडून म्हणवून घ्यायला हवं.

बायकांचं भांडार तर वेगळंच आहे. जात्यावरच्या ओव्या, हळदीची गाणी, फुगडीची गाणी. ही त्या मुद्दाम कुणाकडे बसून शिकलेल्या नाहीत, काम करता करता अंगात भिनलेली आहेत. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर आहे, आणि पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. त्या ऐकून ठेवा, पण बैठकीत लावू नका. तिथे आजींकडूनच म्हणवून घ्या. पहिल्या बैठकीला बायका मागे भिंतीला टेकून बसतात आणि ‘आमका काय येता?’ म्हणतात. मी एक युक्ती करतो. हळदीच्या गाण्याची चाल पेटीवर धरतो आणि दुसरी ओळ मुद्दाम शब्दांशिवाय वाजवतो. एका बैठकीत मागून आवाज आला, ‘रे, चाल चुकलस. थांब, माका म्हणूक दी.’ त्या आजी पुढे येऊन बसल्या, पदर खोचला, आणि त्यांनी जी चाल म्हटली ती माझ्या चालीपेक्षा दोन ठिकाणी वळणाने वेगळी होती आणि ऐकायला अधिक गोड होती. मग शेजारच्या गावातून लग्न होऊन आलेल्या दुसऱ्या आजींनी त्यांच्या माहेरची चाल सांगितली. पुढची वीस मिनिटं मी फक्त सूर धरून होतो. अशी वीस मिनिटं मिळाली की त्या दिवशीचं काम झालं असं मी समजतो.

त्यासाठी पट्टी त्यांची हवी. भजनातला बुवा चढ्या पट्टीत गातो, दोन बुवांच्या भजन-सामन्यात, म्हणजे डबलबारीत तर विचारूच नका. वय झालं की बायकांचा आवाज खाली उतरतो, पुरुषांचा पातळ होतो आणि दोघांचाही दम कमी होतो. बुवांच्या पट्टीत ही माणसं फक्त ऐकू शकतात, म्हणू शकत नाहीत. पेटी आधी लावूच नका. कुणाला तरी पहिली ओळ म्हणायला सांगा, ती ज्या सुरात आली तो सूर पेटीवर शोधा आणि तिथूनच सुरू करा. मी बहुतेक वेळा पेटीच्या काळी एक किंवा पांढरी दोन या खालच्या पट्ट्यांच्या आसपास येऊन थांबतो. बुवांना हे खटकतं, खाली त्यांचा आवाज उठत नाही. पण त्यांना आधी नीट समजावून सांगा की आज ऐकवायचं कमी आणि म्हणवून घ्यायचं जास्त आहे. ज्यांना हे मान्य नाही ते कितीही मोठे गायक असले तरी या कामाला नकोत.

आता अंथरुणावरच्या माणसांकडे येतो. तुमच्या पाच-सहा जणांसाठी हा सगळा उपक्रम सगळ्यात जास्त आहे, असं मी मानतो.

पहिली गोष्ट, अचानक टाळ-पखवाज घेऊन घरात शिरू नका. आपल्याकडे माणूस गेल्यावर घरी भजन होतं, अखेरच्या घटकेलाही कानाशी नाव घेतात. पडून असलेल्या माणसाच्या खोलीत चार भजनी येऊन बसले की त्याच्या मनात पहिला विचार कोणता येईल? मी असा धसका बसलेला चेहरा पाहिला आहे. म्हणून आदल्या दिवशी गावातल्या माणसाने जाऊन सांगावं, ‘उद्या पेटीवाले येणार आहेत, तुम्हाला कुठलं गाणं हवं?’ आणि सुरुवात भजनाने नको. सिनेमातलं गाणं, नाटकातलं पद, त्यांना आवडणारं काहीही. त्यांनी स्वतः भजन मागितलं तर मग म्हणा.

दोघांनीच जायचं, माइक नाही. ज्या बाजूचा कान बरा त्या बाजूला बसायचं, खाटेच्या उंचीपेक्षा वर नाही. वीस मिनिटं पुष्कळ झाली, थकवा दिसला तर दहा. औषधं, जेवण, अंग पुसणं यांच्या वेळा घरच्यांना विचारून त्यानुसार जायचं. आणि सुनेला किंवा मुलीला आधीच सांगायचं, ‘चहा करायचा नाही, तुम्हीही बसायचं.’ वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या त्या बाईच्या दिवसात आपण पाहुणचाराची भर घालायला जात नाही. मी तर तिलाही विचारतो, तुमचं आवडीचं गाणं कोणतं. हा प्रश्न तिला कुणी कधी विचारलेला नसतो.

एका घरी अर्धांगाने उजवी बाजू गेलेले आजोबा होते. बोलणं जवळजवळ बंद, हो आणि नाही एवढेच शब्द, तेही उलटसुलट पडायचे. गिरणीत असताना चाळीच्या भजन मंडळात ते पखवाजाला बसत. आम्ही त्यांच्या काळातली एक चाल धरली. दुसऱ्या आवर्तनाला त्यांच्या डाव्या हाताची बोटं खाटेच्या लाकडी कडेवर पडू लागली, ठेका अचूक. तबलजीने समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या जागी हात उचलून धरला, तर सम त्यांनी दिली. आणि मग ध्रुवपदाचे शब्द आले. जड जिभेने, पण सगळे आणि क्रमाने.

यामागचं कारण घरच्यांना समजावून सांगावं, नाहीतर ते चमत्काराच्या आशेला लागतात. उजवी बाजू जाते तेव्हा मेंदूचा डावा भाग दुखावलेला असतो, आणि बहुतेकांची बोलण्याची केंद्रं तिथेच असतात. गाणं मेंदूच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं असतं, त्यामुळे बोलता न येणारा शब्द कधीकधी चालीत बसून बाहेर येतो. याचा वापर करून वाचा-उपचारतज्ज्ञ पद्धतशीर काम करतात. ते आपलं काम नाही, आपण उपचार करायला गेलेलो नाही. पण शक्य असेल तर त्या कुटुंबाला जिल्हा रुग्णालयात चौकशी करायला जरूर सांगा. विसराळूपणाच्या आजारातही असंच दिसतं. मुलाचं नाव न आठवणारी आई लहानपणीचं गाणं शेवटपर्यंत म्हणते. त्या वेळी ‘बघा, हे आठवतं, मग माझं नाव कसं नाही आठवत?’ असं म्हणू नका, घरच्यांनाही म्हणू देऊ नका. सोबत म्हणा, एवढंच.

डोळ्यांतून पाणी येईल. येऊ दे. गाणं थांबवून लगेच उडत्या चालीचं काही लावायची घाई करू नका. ओळ पूर्ण करा, सूर धरून ठेवा, माणसाकडे पाहा. बहुतेक वेळा त्यानंतर ते काहीतरी सांगतात, आणि ते ऐकायला वेळ ठेवून गेलेलं असावं. पण हात कानावर जाणं, तोंड फिरवणं, अंगावरचं पांघरूण ओढत राहणं, श्वास वाढणं, ही वेगळी चिन्हं आहेत. तेव्हा लगेच थांबायचं.

बाहेरच्या जगातही हे काम गांभीर्याने होतं. व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांनी ब्रिटनमध्ये १९७७ साली ‘लाइव्ह म्युझिक नाऊ’ ही संस्था काढली. ती तरुण कलाकारांना तयार करून वृद्धाश्रम, रुग्णालयं, विशेष शाळा अशा ठिकाणी पाठवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ साली कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात वृद्धांचं एकटेपण आणि स्मृतिभ्रंश यांवरचं कामही आहे. मंडळाच्या सभेत कुणी ‘चार म्हाताऱ्यांसाठी एवढं कशाला?’ म्हणालं तर हे सांगायला उपयोगी पडेल.

आतापर्यंतचं थोडक्यात: दर महिन्याला एक बैठक, दुपारी चारला, शाळेच्या व्हरांड्यात, दोन वाद्यं, एको बंद, पट्टी त्यांची, गाणी विचारून, आणि त्याच दिवशी दोन घरी अंथरुणावरच्या माणसांसाठी. तुमचे पाच-सहा जण असतील तर प्रत्येकाकडे तीन महिन्यांतून एकदा पोचता येतं.

दिवस ठरवताना इंग्रजी तारखेपेक्षा तिथी धरा. ‘दुसरा रविवार’ म्हाताऱ्यांच्या लक्षात राहत नाही, एकादशी-पौर्णिमा राहते. एकादशी मी घेत नाही, कारण उपासाचा चहा-फराळ वेगळा करावा लागतो आणि ती एकाच समाजाची होते. पौर्णिमा बरी पडते. बौद्धवाडीतही ती पाळतात, आणि परतायला उशीर झालाच तर बाहेर चांदणं असतं. मोहल्ल्यातल्यांना मात्र आदल्या दिवशी आठवणीने निरोप द्या. शेजारच्या गावातून कुणाला यायचं असेल तर एसटीचा खर्च अडत नाही, पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. बस चारच्या आधी येते का आणि परत कधी जाते, हे मात्र बघून वेळ ठरवा.

पैसे देणाऱ्या मुंबईकरांना व्हिडिओ हवा असतो, ते समजू शकतो. बैठकीचा, तोही सगळ्यांना विचारून, एखाद-दुसरा काढा. अंथरुणावरच्या माणसाचा कधीही नाही, घरच्यांनी हो म्हटलं तरी नाही. आयुष्यभर स्वच्छ धोतर नेसून देवळात बसलेल्या माणसाला कुणाच्या मोबाईलवर तसं फिरवायचा आपल्याला अधिकार नाही. त्याऐवजी दर बैठकीनंतर गावातल्या माणसाने चार ओळी लिहून मंडळाच्या ग्रुपवर पाठवाव्यात: कोण आलं, कोण आलं नाही, कुणी काय म्हटलं. ‘कोण आलं नाही’ हा रकाना सोडू नका. दोन बैठका न आलेल्या माणसाकडे कुणीतरी जाऊन यायला हवं, आणि गावाबाहेर राहणाऱ्या मुलांना आपल्या आई-वडिलांची खबर अशी आधी लागते.

वर्षाअखेरीस पैसे उरले तर वाडीसाठी एक साधी पेटी घ्या. आधी जुनी मिळते का बघा, पण भाता तपासायला जाणकार सोबत न्या. ती शाळेत किंवा कुणाच्या तरी माजघरात राहू दे, जमिनीवर न ठेवता पाटावर, भिंतीपासून दूर. पावसाळ्यात पेटी बंद करून ठेवली की ओल धरते, सूर अडकतात, पट्ट्या खाली बसतात. म्हणून जूनपासून ती आठवड्यातून दोनदा तरी वाजली पाहिजे. शाळेतल्या एखाद्या आवड असलेल्या मुलीला किंवा मुलाला ते काम द्या, आणि शिकवायला गिरणगावातून आलेल्या त्या भजनी आजोबांपैकी कुणाला बसवा. बोटं चालत नसली तरी चूक कुठे झाली हे त्यांना लगेच कळतं.